वर्षाचा रकाना

पुरस्कारांची यादी हे कोशातले सर्वांत सोपे काम, असा समज आपल्या क्षेत्रात फार खोल रुजला आहे. नोंद लिहायला तज्ज्ञ लागतो, यादी कुणीही उतरवून काढील, म्हणून ती नवख्याच्या हाती दिली जाते आणि परीक्षकही वरून खाली नजर फिरवून सही करतो. हा समज आता सोडायला हवा. नोंदीत एखादे विधान घसरले, तर मागची-पुढची वाक्ये वाचकाला सावध करतात. यादीतल्या ओळीला असा शेजार नसतो. चौकटीत छापलेले साल वाचक बिनतक्रार खरे मानतो आणि आपल्या लेखात, भाषणात, प्रश्नपत्रिकेत उतरवून घेतो.

यादीचे परीक्षण कसे करावे, हे नियमांच्या भाषेत सांगण्यापेक्षा एक यादी समोर घेऊन बोलणे बरे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांतील सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेची यादी घेऊ. १९६८च्या चित्रपटांसाठी पी. सुशीला यांना ‘उयर्न्द मनिदन’ या तमिळ चित्रपटातील गाण्याबद्दल हा मान मिळाला, तिथून ती सुरू होते. तिच्यात तमिळ, तेलुगू, मल्याळम, बंगाली, हिंदी, मराठी, कोकणी अशा अनेक भाषा येतात. कोशकाराला जितक्या अडचणी येऊ शकतात, त्यांतल्या बहुतेक या एका यादीत भेटतात.

पहिली अडचण वर्षाच्या रकान्यात आहे. माझ्या मते परीक्षणाची सुरुवात तिथूनच झाली पाहिजे. हा पुरस्कार ज्या वर्षी चित्रपटाला परीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र मिळाले, त्या वर्षाचा असतो. घोषणा नंतर होते, वितरण त्याहून नंतर. सावनी रवींद्र यांना ‘बार्डो’साठी मिळालेला पुरस्कार ६७वा, म्हणजे २०१९चा, त्याची घोषणा मार्च २०२१मध्ये झाली आणि तो ऑक्टोबर २०२१मध्ये हाती पडला. गायकांच्या यादीत तर याहून विलक्षण प्रकार आहे. राहुल देशपांडे यांना ‘मी वसंतराव’साठी २०२०चा पुरस्कार जाहीर झाला तो जुलै २०२२मध्ये, आणि चित्रपट थिएटरात लागला तो एप्रिल २०२२मध्ये. ‘२०२० – मी वसंतराव’ ही ओळ वाचून एखादा दक्ष वाचक चूक सापडली असे समजून ती ‘दुरुस्त’ करायला धावेल. त्याला दोष देता येणार नाही. रकान्याच्या डोक्यावर नुसते ‘वर्ष’ लिहून थांबणाऱ्या संपादकाने त्याला फसवले आहे.

प्रत्यक्षात बिघाड होतो तो असा. यादीचा जुना भाग कुणीतरी चित्रपटाच्या वर्षाप्रमाणे लावलेला असतो. पुढच्या ओळी वर्तमानपत्रांच्या कात्रणांवरून भरल्या जातात, आणि कात्रणावर तारीख असते समारंभाची. दोन पद्धती जिथे भेटतात, तिथे एक वर्ष रिकामे पडते. मग तिसरा माणूस येतो, रिकामी जागा पाहून अस्वस्थ होतो आणि तिथे ‘पुरस्कार दिला गेला नाही’ असे लिहून मोकळा होतो. एका साध्या घसरणीतून न घडलेली घटना जन्माला येते. पुरस्कार न देण्याचा निर्णय हा परीक्षक समितीचा निर्णय असतो, त्याला आधार लागतो. माहिती मिळाली नसेल तर ‘माहिती मिळाली नाही’ असेच छापावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

याला एक उपाय आहे आणि तो मिनिटभराचा आहे. पहिले पुरस्कार १९५३च्या चित्रपटांचे होते, ज्यात आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. तेव्हापासूनची मालिका सलग आहे, म्हणून पुरस्काराच्या क्रमांकात १९५२ मिळवले की चित्रपटाचे वर्ष निघते. सोळावा तर १९६८, सदतिसावा, म्हणजे अनुराधा पौडवाल यांचा ‘कळत नकळत’चा, तर १९८९, त्रेचाळिसावा, म्हणजे अंजली मराठे यांचा ‘दोघी’चा, तर १९९५. यादीत क्रमांकाचा रकाना वेगळा ठेवा आणि प्रत्येक ओळीवर ही बेरीज करून पाहा. जिथे उत्तर जुळणार नाही, तिथे पेन्सिलीची खूण करा. चित्रपटाच्या प्रदर्शनाची किंवा वितरणाची तारीख द्यायची असेल तर ती तळटीपेत जावी.

दुसरी जागा मोजणीची. येथे मी आपल्याला एकच ओळ बारकाईने पाहायला सांगेन. ५६व्या पुरस्कारांत, म्हणजे २००८साठी, श्रेया घोषाल यांचे नाव दोन चित्रपटांसह येते: बंगाली ‘अंतहीन’ आणि मराठी ‘जोगवा’. पुरस्कार एक, गाणी दोन, भाषा दोन. तक्ता करणाऱ्याला ही ओळ अडचणीची वाटते, कारण भाषेच्या रकान्यात दोन शब्द बसवावे लागतात. तो ती फोडून दोन ओळी करतो. दिसायला नीटनेटके होते, पण परिणाम काय होतो? ‘देवदास’, ‘पहेली’, ‘जब वी मेट’, २००८चा हा आणि २०२१चा ‘इरविन निळल’ असे त्यांचे पाच पुरस्कार आहेत. ओळ फोडली की ते सहा होतात. आणि सहा हा के. एस. चित्रा यांचा आकडा आहे, या यादीतला सर्वाधिक. तक्त्याच्या सोयीसाठी केलेल्या एका फोडणीने एक विक्रम बरोबरीत सुटतो. १९७०च्या पुरस्कारातही संध्या मुखर्जी यांच्या नावापुढे ‘जय जयंती’ आणि ‘निशिपद्म’ असे दोन चित्रपट आहेत. तिथेही हाच मोह होतो. नियम असा असावा की एक पुरस्कार म्हणजे एक ओळ, तिच्यात चित्रपट कितीही असोत. ‘सर्वाधिक वेळा’ असे वाक्य प्रास्ताविकात असेल, तर दर वर्षी नवी ओळ भरल्यावर ते वाक्य ओळी मोजून पुन्हा तपासावे.

भाषेच्या रकान्याबद्दल मराठी संपादकांना थोडे स्पष्ट सांगायला हवे. आपल्या माणसांचा अभिमान असणे स्वाभाविक आहे, पण तो रकाना चित्रपटाच्या भाषेचा आहे, गायिकेच्या मातृभाषेचा नाही. लताबाईंचे ‘परिचय’, ‘कोरा कागज’, ‘लेकिन’ हे तिन्ही आणि आशाबाईंचे ‘उमराव जान’, ‘इजाजत’ हे दोन्ही पुरस्कार हिंदीचे आहेत. साधना सरगम यांचा २००१चा पुरस्कार ‘अळगी’ या तमिळ चित्रपटाचा आहे. आरती अंकलीकर-टिकेकर यांच्या दोनांपैकी २००६चा ‘अंतर्नाद’चा पुरस्कार कोकणी आहे आणि गोव्याच्या चित्रपटाच्या इतिहासात तो मोलाचा आहे, ‘मराठी गायिकांना मिळालेले पुरस्कार’ असे म्हणून तो मराठीच्या खात्यात ओढणे हा कोकणीवर अन्याय होईल.

नावांच्या लेखनात आपल्या याद्या विशेष ढिसाळ असतात. दक्षिणेतली नावे आपण रोमन लिपीवरून उचलतो. तिकडे रोमन ‘टीएच’ हा बहुधा ‘त’साठी आणि ‘डीएच’ ‘द’साठी येतो, हे ठाऊक नसले की चित्राची ‘चिथ्रा’ आणि स्वर्णलताची ‘स्वर्णलथा’ होते. देवनागरीत ‘ळ’ असताना आपण तमिळ-मल्याळम नावांतला ‘ळ’ गमावतो, याचे तर मला नेहमीच वाईट वाटते. ती भाषा येणाऱ्या व्यक्तीकडून एकदा नावे वाचून घेतली की काम होते.

आता आधाराबद्दल. इंटरनेटवर या पुरस्काराच्या याद्या पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच एकमेकींच्या नकला आहेत. तीन ठिकाणी तेच साल आढळले म्हणून ते सिद्ध होत नाही. तिन्ही ठिकाणे एकाच जागेवरून उतरलेली असू शकतात. कोणी कोणाकडून घेतले हे शोधण्याची सोपी खूण म्हणजे सारखी चूक: तीच विचित्र अक्षरयोजना, तेच रिकामे वर्ष, तोच चुकीचा चित्रपट. अशी खूण दिसली की त्या सगळ्यांची मिळून एकच साक्ष धरावी. खरा आधार म्हणजे पुरस्कारांच्या वेळी प्रसिद्ध होणारी अधिकृत पुस्तिका, जिच्यात परीक्षकांचे प्रशस्तिवाक्यही असते. त्यानंतर पत्रसूचना कार्यालयाचे निवेदन. त्यानंतर त्या दिवसांतली वर्तमानपत्रे. जुन्या नियतकालिकांसाठी पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे ग्रंथालय आपल्याजवळ आहे. महाराष्ट्रातल्या संपादकांनी त्याचा उपयोग करून घेतला नाही तर कोणी करायचा?

प्रास्ताविकाचा परिच्छेद छोटा असावा आणि जुना होणारा मजकूर त्यात तारखेसह यावा. हे पुरस्कार हाताळणाऱ्या चित्रपट महोत्सव संचालनालयाचे काम २०२२मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे गेले. या पुरस्कारात रजत कमळाबरोबर मिळणारी रक्कम दीर्घकाळ पन्नास हजार होती, ७०व्या पुरस्कारांपासून ती दोन लाख झाली. ‘पन्नास हजार रुपये दिले जातात’ असे वर्तमानकाळातले वाक्य अजूनही वाचायला मिळते. छापील कोशाची गोष्ट वेगळी. वाईच्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६चा. छापील खंडातली यादी त्या सालाशी बांधलेली असते आणि वाचकाला ते कळते. पडद्यावरच्या यादीला असे साल नसते, म्हणून ‘अमुक पुरस्कारांपर्यंत तपासली’ ही ओळ तिच्या माथ्यावर सक्तीने असावी. छायाचित्रे, रंगीत पट्ट्या, विक्रमांचे वेगळे तक्ते हे सारे त्यानंतर. परीक्षणाला येणाऱ्या याद्यांत हा क्रम उलटा झालेला दिसतो आणि त्यावर परीक्षकांनी ठाम राहावे.

काम जोडीने करावे. जुन्या छापखान्यांत एक जण मूळप्रत मोठ्याने वाचायचा आणि दुसरा मुद्रितावर बोट ठेवून तपासायचा. यादीसाठी त्याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. एकाने पुस्तिका वाचावी, क्रमांक, वर्ष, नाव, चित्रपट, भाषा, गाणे या क्रमाने, दुसऱ्याने यादीवर खूण करावी. मग जागा बदलून तेच पुन्हा.

या यादीतले पहिले दशक, म्हणजे १९६८ ते १९७७, आपण आधी हाती घेऊ या. त्या काळची कागदपत्रे सर्वांत विरळ आहेत, आणि त्या वर्षांतली पुस्तिका किंवा कात्रणे जपून ठेवणारी पिढी आज वृद्धापकाळात आहे. कुणाच्या घरी, वाचनालयात किंवा चित्रपट मंडळाच्या कपाटात असे काही असेल, तर त्या पानाची स्वच्छ प्रत, प्रकाशनाचे नाव आणि दिनांक यांसह आमच्याकडे पाठवावी. ज्या ओळीला आधार मिळेल ती आम्ही पुढच्या अंकांतून त्या पानाच्या उल्लेखासह छापू, आणि जिला मिळणार नाही तीही, तसे सांगून.