मदत घेतली, हिशोब कोण देणार?

व्यापारात नफा-नुकसान चालायचेच. आज ज्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची रीघ लागते, त्याच्यावर उद्या शटर ओढण्याची पाळी येऊ शकते. अशा वेळी कोणी हात दिला तर तो घेण्यात कमीपणा नाही. इस्लामने तर कर्जात बुडालेल्या माणसाला जकातीच्या हक्कदारांत स्थान दिले आहे. तेव्हा बुडत्या कंपनीला सरकारने मदत करावी की नाही, हा आमचा वाद नाही. आमचा प्रश्न त्यापुढचा आहे. जनतेच्या पैशांवर जो तरला, त्याने जनतेला हिशोब द्यायचा की नाही?

यासाठी अमेरिकेतील एआयजी या विमा कंपनीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. टाटा-एआयजीमुळे हे नाव आपल्याकडेही परिचित आहे. या कंपनीच्या एका विभागाने घरकर्जांवर आधारलेल्या रोख्यांची हमी घेण्याचा धंदा मांडला. रोखे बुडाले तर भरपाई आम्ही देऊ, असे करार करून हप्ते गोळा केले. भरपाई देण्याची वेळ आली तर पैसा कोठून आणायचा, याची पुरेशी तरतूद मात्र केली नाही. नाव विम्याचे आणि काम सट्ट्याचे! घरांच्या किमती कोसळल्या, रोख्यांची पत गेली आणि घेणेकरी दारात उभे राहिले. 16 सप्टेंबर 2008 रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने कंपनीला 85 अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले व बदल्यात जवळजवळ 80 टक्के मालकी सरकारकडे घेतली. पुढे मदतीचा आकडा 182 अब्ज डॉलरपर्यंत गेला.

मदत घेणाऱ्यांचे वर्तन कसे होते? आठवडाभरातच कंपनीच्या एका शाखेने कॅलिफोर्नियातील आलिशान विश्रामस्थळी मेळावा भरवला आणि त्यावर सुमारे 4 लाख 40 हजार डॉलर उडवले. मार्च 2009 मध्ये तर कहर झाला. ज्या विभागाने कंपनी बुडवली, त्याच विभागातील लोकांना 16 कोटी 50 लाख डॉलरचा बोनस वाटण्यात आला. विचारणा होताच उत्तर मिळाले की करार आधीच झाले होते, ते मोडता येत नाहीत.

या ठिकाणी आम्हाला हदीसमधील एक प्रसंग आठवतो. जकात वसूल करून आलेल्या एका अधिकाऱ्याने काही माल बैतुलमालचा म्हणून वेगळा काढला आणि उरलेला आपल्याला भेट मिळाल्याचे सांगितले. त्यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सर्वांसमक्ष विचारले की, हा मनुष्य आपल्या आईबापांच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे चालून आली असती काय? बोनसवाल्यांनाही हाच प्रश्न लागू पडतो. जनतेचा पैसा आला नसता तर कंपनी दिवाळखोरीत गेली असती. मग कोणता करार आणि कसला बोनस?

शिवाय करार मोडता येत नाहीत, हा नियम सर्वांना सारखा नव्हता. त्याच सुमारास जनरल मोटर्स या मोटार कंपनीनेही सरकारची मदत घेतली. तेथे कामगारांना आपल्या करारांत सवलती द्याव्या लागल्या, मार्च 2009 मध्ये कंपनीच्या प्रमुखाला पायउतार व्हावे लागले आणि दिवाळखोरीत जुन्या भागधारकांचे भांडवल बुडाले. घाम गाळणाऱ्याचा करार मोडतो आणि सट्टेबाजाचा करार मात्र पवित्र ठरतो. हा कोणता न्याय?

काही लोक म्हणतात, एआयजीचा पैसा तर परत आला. ते खरे आहे. डिसेंबर 2012 मध्ये सरकारने आपले शेवटचे शेअर विकले आणि एकंदर व्यवहारात 22.7 अब्ज डॉलर जास्तच मिळाले. उलट जनरल मोटर्समध्ये सरकारला 10 अब्ज डॉलरहून अधिक तोटा सोसावा लागला. परंतु परतफेड वेगळी आणि जबाबदारी वेगळी. कंपनीच्या माजी प्रमुखाच्या संस्थेने 2011 मध्ये सरकारवरच दावा ठोकला की मदतीच्या अटी फार कडक होत्या! जानेवारी 2013 मध्ये खुद्द एआयजीचे संचालक मंडळ या दाव्यात सामील व्हावे काय याचा विचार करीत होते, आणि त्याच वेळी अमेरिकेचे आभार मानणाऱ्या तिच्या जाहिराती झळकत होत्या. लोक खवळले तेव्हा मंडळाने नकार दिला. 2015 मध्ये न्यायालयाने अटी अधिकाराबाहेरच्या ठरवल्या, पण भरपाई म्हणून एक डॉलरही दिला नाही, कारण मदत नसती तर भागधारकांच्या हाती काहीच उरले नसते. 2017 मध्ये अपिलातही दावा टिकला नाही.

अमेरिकेला नावे ठेवून आपली सुटका होत नाही. आपल्या एअर इंडियाला 2012 मध्ये 30 हजार कोटी रुपयांहून अधिक भांडवल देण्याची योजना मंजूर झाली. तरी शेवटी कंपनी विकावी लागली. जानेवारी 2022 मध्ये ती टाटा समूहाच्या ताब्यात गेली तेव्हा 15,300 कोटींचे कर्ज नव्या मालकाकडे गेले आणि 46,262 कोटींचे ओझे सरकारी कंपनीकडे, म्हणजेच तुमच्या-आमच्या डोक्यावर राहिले. जवळजवळ सर्वस्वी कर्जावर केलेल्या विमान खरेदीबद्दल कॅगने 2011 मध्येच ताशेरे ओढले होते. त्या निर्णयांची किंमत निर्णय घेणाऱ्यांपैकी कोणी मोजली?

भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागधारकाने बँकेकडून चार-पाच लाख घेतले तर त्याला मालसाठ्याचा तक्ता द्यावा लागतो. आमचे म्हणणे इतकेच की हीच शिस्त मोठ्यांनाही लावावी. मदत मिळण्यापूर्वी मालकाने आपला वाटा सोडावा. पैसा परत होईपर्यंत लाभांश, बोनस व चैनीचे खर्च बंद राहावेत. आणि ज्यांच्या निर्णयामुळे कंपनी बुडाली, त्यांची नावे जनतेसमोर यावीत.

हाच नियम आपल्यालाही आहे, वाचकहो. बैतुलमालमधून किंवा बिनव्याजी पतसंस्थेतून कर्जे हसना घेणारा व्यापारी आधी आपले कर्ज फेडतो की आधी दुकानाची सजावट करतो, हे पाहणाराही कोणी आहे. मदत ही बक्षीस नव्हे, ती अमानत आहे. आणि अमानतीचा हिशोब येथे चुकवता आला, तरी आखेरतमध्ये चुकवता येणार नाही.