मुसळीची पुडी आणि श्रमिकाची लाज

बोरिवली स्थानकातून रोज ये-जा करणाऱ्या असंख्य उतारूंपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल की, या उपनगराचे नाव एका वनस्पतीच्या शास्त्रीय नावात कायमचे कोरले गेले आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी १९५० नंतरच्या दशकात सफेद मुसळीच्या एका जातीचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा तिला ‘क्लोरोफायटम बोरिविलियानम’ हे नाव दिले. पावसाच्या सरींबरोबर उगवणारी, पांढऱ्या फुलांची आणि जमिनीखाली बोटांसारख्या मुळांचा झुबका बाळगणारी ही एक साधी रानवनस्पती. आज त्याच बोरिवलीच्या गाडीत दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसासमोर, डब्याच्या भिंतीवर, तिच्या नावाचा चिकटवलेला कागद असतो. गेलेली मर्दानगी परत मिळवून देण्याचे त्यावर अभिवचन असते आणि खाली दूरध्वनी क्रमांक असतो. खिशातल्या मोबाइलवर हीच जाहिरात आता ‘टेस्टोस्टेरॉन’ या विलायती शब्दाचा सदरा घालून येते. सदरा नवा असला, तरी धंदा जुनाच आहे.

हा विषय राजकीय साप्ताहिकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. प्रस्तुत लेखकालाही काही काळापूर्वी तसेच वाटले असते. परंतु भिवंडीच्या यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी करणारा आमचा एक जुना सहकारी गेल्या वर्षी पायाची जखम महिनाभर भरून येत नाही म्हणून इस्पितळात दाखल झाला, आणि त्याला मधुमेह असल्याचे तेथे प्रथमच उघडकीस आले. डॉक्टरांनी खोदून विचारले तेव्हा त्याने मान खाली घालून सांगितले की, वर्षभरापासून थकवा होता, पतिपत्नीसंबंधात अडचण येत होती आणि स्थानकाजवळच्या एका ‘दवाखान्या’तून तो मुसळीचे चूर्ण व कसल्याशा कॅप्सूल घेत होता. पगाराचा पाचवा हिस्सा त्यावर जाई. तेथे कोणी त्याच्या दंडाला रक्तदाबाची पट्टी बांधली नाही की रक्तातील साखर तपासली नाही. आम्ही त्याच्या शेजारी बसून मोर्चे आखले, वर्गण्या गोळा केल्या. परंतु त्याच्या आयुष्यातील ही गोष्ट आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हती. इस्पितळातून परतताना मला त्या दवाखान्याइतकाच आमच्या मैत्रीचाही राग आला.

लिंगाच्या ताठरतेतील अडचण हे अनेकदा मधुमेहाचे, रक्तदाबाचे किंवा हृदयविकाराचे आगाऊ चिन्ह असते, हे वैद्यकाला चांगले ठाऊक आहे. लिंगातील रक्तवाहिन्या बारीक असल्याने बिघाड तेथे आधी जाणवतो. म्हणजे जे लक्षण माणसाला वेळीच डॉक्टरकडे नेऊ शकले असते, तेच त्याला पुडीवाल्याच्या दारात नेते. पुडीची किंमत केवळ रुपयांत मोजून चालत नाही. तीत गमावलेला काळही मोजावा लागतो.

आता त्या मुळाविषयी न्यायबुद्धीने बोलले पाहिजे. वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक आहे आणि मुसळी, अश्वगंधा ही त्यातली जुनी द्रव्ये आहेत. त्यांची टवाळी करणे हे पुरोगामित्वाचे लक्षण नव्हे. परंतु परंपरेचा मान राखणे वेगळे आणि परंपरेच्या नावाने काहीही खपवून घेणे वेगळे. सफेद मुसळीवरील प्रयोग मुख्यतः उंदरांवर झालेले आहेत. माणसांवरील चाचण्या थोड्या आणि लहान आहेत. अश्वगंधेची बाजू थोडी बरी आहे. काही चाचण्यांत पुरुषांमधील टेस्टोस्टेरॉन किंचित वाढल्याचे दिसले; पण त्या चाचण्याही बहुधा काही डझन माणसांच्या आणि दोन-तीन महिन्यांच्याच. दुसऱ्या बाजूला, अश्वगंधा घेणाऱ्यांपैकी क्वचित काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदीच घातली. शिवाय ‘निव्वळ वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा गोळ्यांत सिल्डेनाफिल हे आधुनिक औषध चोरून मिसळलेले अमेरिकेच्या औषध प्रशासनाला वारंवार आढळले आहे. हृदयविकारासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्या माणसाच्या पोटात ते नकळत गेले, तर रक्तदाब एकाएकी कोसळून जीव जाऊ शकतो.

आणि ज्या संप्रेरकाचा एवढा डंका पिटला जातो, ते कशाने घटते? शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाच तासांहून अधिक झोपू दिले नाही. तेवढ्यानेच त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरले. हाही प्रयोग लहानच, हे मान्य केले पाहिजे. परंतु तो ज्या दिशेला बोट दाखवतो ती दिशा आपल्या परिचयाची आहे. अपुरी झोप, दारू, पोटावरची चरबी, मधुमेह यांनी हे संप्रेरक खालावते. जो माणूस बारा तास मागाच्या खडखडाटात उभा राहतो, पत्र्याच्या खोलीत आळीपाळीने अंथरूण वापरतो आणि वडापाव-चहावर दिवस ढकलतो, त्याची झोप कारखान्याने आधीच खाल्लेली असते. त्याच्या थकव्याचे कारण पाळीच्या तक्त्यावर लिहिलेले असताना त्याला मात्र सांगितले जाते की, दोष तुझ्या पुरुषत्वात आहे. जे दुखणे समाजाने दिले त्याची लाज व्यक्तीने बाळगावी आणि त्या लाजेचा पुन्हा व्यापार व्हावा, याहून निर्दय सौदा कोणता?

या सौद्याच्या दुसऱ्या टोकाला मूळ खणणारा माणूस आहे. सातपुड्याच्या रानात आदिवासी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मुसळी काढत आली. पाने वाळून कंद पक्व झाल्यावर तो काढावा, ही त्यातील रीत. मागणी वाढली, व्यापारी दारात आला आणि दुसऱ्याने नेण्याआधी आपण न्यावा म्हणून कोवळा कंदही उपटला जाऊ लागला. रानातली मुसळी त्यामुळे ठिकठिकाणी विरळ झाली. खणलेला कंद एकेक करून सोलावा लागतो, आणि हे काम बहुधा बायकांचे. सोलून वाळवल्यावर ओल्या वजनाचा चौथा-पाचवा हिस्साच उरतो. एवढ्या श्रमाची मजुरी शहरातल्या डबीच्या किमतीत शोधू गेल्यास ती दिसेनाशी होते.

शेतकऱ्याचा अनुभवही निराळा नाही. २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन झाले, मुसळीला अग्रक्रमाच्या यादीत स्थान मिळाले आणि पुढील काही वर्षांत ‘पांढरे सोने’ म्हणून तिचे बेणे महाग दराने गावोगाव विकले गेले. परतखरेदीची आश्वासने देणारे अनेकजण पीक हाती येईपर्यंत गायब झाले. नफा झाला तो मुळाचा नव्हे, बेण्याचा.

कायदा नाही असे मात्र म्हणता येणार नाही. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ साली झाला आणि लैंगिक क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीस त्याने स्पष्ट मनाई केली. आयुष औषधांच्या जाहिरातींना आगाऊ मंजुरी आवश्यक करणारा नियम १७० हा २०१८ साली आला. केंद्र सरकारने जुलै २०२४ मध्ये तो काढून टाकला, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये त्या निर्णयाला स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण निकाली निघाल्यावर ती स्थगितीही संपली. जैवविविधता कायद्यातही २०२३ साली दुरुस्ती होऊन आयुष क्षेत्राला अनेक सवलती मिळाल्या. रानाच्या राखणदाराला द्यावयाच्या लाभांशाची बाजू त्याने अधिक दुबळी झाली. परंपरेचा जयघोष करणारे राज्य परंपरेच्या विक्रेत्याचे रक्षण करते. परंपरा जपणारा आणि तिच्यावर विसंबणारा रोगी हे दोघेही उघड्यावर पडतात.

परंतु सारा दोष सरकारवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. याच मराठी भूमीत र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, लैंगिक प्रश्नांवर स्वच्छ शब्दांत लिहिले आणि त्यापायी खटले सोसले. १९३४ साली त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते बाबासाहेब आंबेडकर. तो वारसा आपण भाषणात सांगतो, पण शाखेच्या बैठकीत सोडून देतो. आपल्या शिबिरांत जमीनधारणेपासून जागतिक व्यापारापर्यंत सर्व विषय येतात. श्रमिकाच्या शरीराचा विषय मात्र अपघाताची भरपाई मागण्यापुरताच येतो. जेथे आपण मौन पाळतो, तेथे डब्यातला तो कागद बोलतो.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे काही कामे ठेवतो. मागांच्या गल्लीत व कारखान्याच्या दारात रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासण्याची शिबिरे घ्यावीत, आणि तेथे लैंगिक तक्रारही नेहमीच्या तक्रारीसारखीच विचारली जाईल असे डॉक्टर मिळवावेत. प्राथमिक आरोग्य केंद्रांत पुरुषांसाठी आडपडद्याविना सल्ल्याची सोय व्हावी, अशी मागणी करावी. १९५४ च्या कायद्याचा भंग करणाऱ्या जाहिराती जमवून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रारी द्याव्यात आणि त्यांचा पाठपुरावा करावा. वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर दिलेला अधिकार मुसळीच्या खरेदीतही ग्रामसभांना बजावता यावा, यासाठी आदिवासी भागातील साथींनी झटावे. ज्याला वैद्याच्या सल्ल्याने मुसळी घ्यावयाची आहे त्याने खुशाल घ्यावी. मात्र तपासणी आधी व्हावी.

आमचा तो सहकारी आता इन्सुलिन घेतो. पाय वाचला. परवा पाळीच्या तासांविषयी सभा होती, तीत तो उठून म्हणाला, “आठ तासांची पाळी मागताना झोपेचंही लिहा.” सभेत थोडे हशे पिकले, मग शांतता पसरली. मागणीपत्रकात ते वाक्य आम्ही पहिल्या क्रमांकावर घातले आहे.