विणकाम : एक ‘रिकामपणाचा उद्योग’

परीक्षा जवळ आली म्हणजे कांहीं पालक शिक्षकांच्या भेटीस येतात आणि बोलतां बोलतां एक तक्रार हमखास करतात : “मुलगी पुस्तक सोडून लोंकरीच्या सुया घेऊन बसते. बाजारांत तयार स्वेटर स्वस्त मिळतात. मग हा रिकामपणाचा उद्योग कशाला?” मुलाविषयीं अशी तक्रार मात्र आजवर माझ्या कानीं आलेली नाहीं, कारण मुलाच्या हातीं सुया देण्याचें कोणाच्या मनांतच येत नाहीं. या दोन्ही गोष्टींसंबंधानें चार शब्द लिहावे, असें पुष्कळ दिवसांपासून मनांत होतें.

प्रथम पैशाचा हिशेब. या बाबतींत पालकांचें म्हणणें खरें आहे, हें मान्य केलेंच पाहिजे. लहान मुलाच्या स्वेटराची एक बाजू ७० टांके रुंद व ९० ओळी उंच धरली, तर ६,३०० टांके होतात. पुढची व मागची मिळून १२,६००. सरावलेला हात मिनिटाला २० टांके घालतो असें मानलें, तरी साडेदहा तास गेले, आणि बाह्या अजून व्हावयाच्याच आहेत! एवढ्या तासांची मजुरी व लोंकरीची किंमत यांची बेरीज केली, तर दुकानदारच जिंकणार. इ. स. १५८९ मध्यें इंग्लंडांत विल्यम ली नांवाच्या गृहस्थानें विणण्याचें यंत्र तयार केलें. पैशाच्या हिशेबानें पाहिलें तर ती शर्यत मनुष्याचा हात केव्हांच हरलेला आहे. तेव्हां ज्याला केवळ काटकसर साधावयाची आहे, त्यानें खुशाल तयार स्वेटर आणावा. परंतु त्या साडेदहा तासांत विणणाऱ्याला काय मिळालें, हा रकाना वरच्या हिशेबांत कोठेंच नाहीं, आणि माझें सारें म्हणणें त्या रकान्यापुरतेंच आहे.

गायनाला शांतता लागते, चित्राला उजेड आणि पसारा लागतो. विणकाम घरच्या गडबडींतच सुखानें चालतें. दूध उतूं जावयाच्या बेतांत आलें, दाराशीं कोणी हाक मारली, धाकट्याला पाढे विचारावयाचे आहेत, अशा वेळीं सुया बाजूस ठेवाव्या आणि परत येऊन त्याच टांक्यापासून पुढें चालावें. अर्थात् सुयांवरील सर्व फांसे एका वेळीं उघडे असतात. रांगत्या बाळानें सुई ओढली, कीं सारी ओळ सुटते. क्रोशाच्या आकडीवर मात्र बहुधा एकच फांसा जिवंत असतो. म्हणून ज्या घरांत पाळणा हलतो आहे, तेथें सुयांपेक्षां आकडी बरी, असें माझें मत आहे.

मागावरच्या कापडांत उभे व आडवे धागे एकमेकांत गुंतलेले असतात. विणकामांत एकच धागा फांशांतून फांसा काढीत पुढें जातो. म्हणून तें ताणतें, आणि म्हणूनच तें सहज उसवतांही येतें. थोरल्याचा स्वेटर आखूड झाला, कीं आई तो उसवते, लोंकरीची लडी करून धुते, वळ्या जाव्या म्हणून खालीं हलकें वजन टांगून वाळवते, आणि त्याच लोंकरीचा स्वेटर धाकट्याच्या अंगावर येतो. जुन्या लुगड्यांची व धोतरांची गोधडी शिवण्याची आपली रीत हिचीच बहीण म्हटली पाहिजे. (येथें एक सावधगिरीची सूचना : आपण ‘लोंकर’ म्हणून जी विकत घेतों, ती बहुधा मेंढीची नसून ॲक्रिलिकची असते. ती धुण्यास सोयीची खरी, पण विस्तवाच्या आंचेनें वितळते. चुलीवरचें भांडें उतरविण्याचें फडकें विणावयाचें असेल, तर सुताचेंच विणावें.)

आतां थोडें कटु बोलावयाचें आहे. आपल्या घरांतील बाई स्वस्थ बसलेली कोणास पाहवत नाहीं. पुरुष वर्तमानपत्र घेऊन बसला तर तो विसांवा घेतो. त्याची पत्नी तशीच बसली तर तिला कांहीं काम नाहीं, असें समजतात. तिच्या हातांत सुया असल्या म्हणजे मात्र कोणी बोलत नाहीं, कारण त्यांतून झबलें, टोपडें, पायमोजे असें कांहीं तरी निघणार असतें. कित्येक घरांत विणकाम हीच स्त्रीची एकमेव संमत विश्रांति झालेली आहे. मग नणंदेच्या मुलासाठीं बाळंतविडा, दिरासाठीं मफलर, पाहुण्यांना दाखविण्यासाठीं मेजावरचा रुमाल, अशी मागण्यांची रांग लागते आणि विश्रांतीचें पुन्हा काम होतें. जें हौसेनें धरलें तें कर्तव्याच्या यादींत गेलें, कीं त्यांतला रस संपला.

हाच विचार पुढें किती कठोर होऊं शकतो, याचें उदाहरण आंध्र प्रदेशांतील नरसापूर येथें सांपडतें. तेथें १९ व्या शतकांत मिशनरी लोकांनीं क्रोशाची लेस विणावयास शिकविली आणि पुढें तिचा मोठा व्यापार झाला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनीं १९८२ साली त्या विणणाऱ्या स्त्रियांवर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्या स्त्रिया दिवसाचे कित्येक तास राबत, त्यांची लेस परदेशीं जाई. परंतु त्या ‘घरीं बसून फावल्या वेळांत’ विणतात, असें ठरविल्यामुळें त्यांच्या हातीं पडणारी मजुरी अगदीं तुटपुंजी असे. मिशनच्या शाळेंतील शिक्षकानें ही गोष्ट झांकून ठेवूं नये. जें विकावयाचें आहे त्याची पुरी मजुरी द्यावी. जें आनंदाचें आहे त्याचा हिशेब मागूं नये. या दोहोंची सरमिसळ झाली, कीं स्त्रीला ना दाम मिळतो, ना सुख.

आणि हें सुख काल्पनिक नव्हे. ब्रिटनमधील संशोधकांनीं जगभरच्या ३,५४५ विणणाऱ्यांना प्रश्न विचारून २०१३ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. जे अधिक वेळां विणीत, त्यांना अधिक शांत व प्रसन्न वाटत असल्याचें त्यांत दिसून आलें. उत्तरें देणारे मुळांतच विणण्याचे शौकीन, तेव्हां हा पुरावा बेताबातानेंच घ्यावा. तरी ज्यानें दिवसभराच्या कटकटीनंतर एक सुलट, एक उलट अशा चार ओळी घातल्या आहेत, त्याला तो अविश्वसनीय वाटणार नाहीं.

राहिले मुलगे. विणकाम हें बायकी काम, ही समजूत अलीकडची आहे. युरोपांत एके काळीं विणकऱ्यांचे संघ असत आणि त्यांतील उस्ताद पुरुष असत. पेरू देशांत टिटिकाका सरोवरांतील ताकिले बेटावर आजही पुरुष विणतात. तेथील मुलगे लहानपणींच सुया धरावयास शिकतात. आपल्याकडे वर्ध्याच्या १९३७ सालच्या शिक्षण परिषदेनें हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या मध्यभागीं ठेवावें असें सुचविलें, तें कांहीं एकट्या मुलींसाठीं नव्हे. मागें नववींतील एका मुलानें हस्तकलेच्या तासाला आकडी मागून घेतली. वर्ग हंसला. त्यानें एक वाटोळी चकती विणावयास घेतली, तर ती वाटीसारखी वळूं लागली. तीनदां उसवून त्यानें शोधून काढलें, कीं मुक्या खांबानें विणतांना दर फेरींत सहा टांके वाढविले तर चकती सपाट राहते. कमी वाढविले तर तिची टोपी होते, आणि फार वाढविले तर झालर. त्रिज्या व परीघ यांचा संबंध त्यानें बोटांनीं मोजून पाहिला होता. हंसणाऱ्यांपैकीं दोघे दुसऱ्या आठवड्यांत त्याच्या शेजारीं येऊन बसले.

पालकांना माझी विनंति एवढीच, कीं या सुटींत रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास मोबाईल दूर ठेवून घरांतील सर्वांनीं हातकामाला बसावें. त्यापूर्वीं भांडीं कोणी घांसावयाचीं, हा प्रश्न सोडवावा लागेल; तो एकट्या आईवर टाकला तर ती बसणार केव्हां? तिनें काय विणावें हें तिला सांगूं नये. तिला कांहींच न विणतां बसावेंसें वाटलें, तरी बसूं द्यावें. नवशिक्यांनीं ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटर जाडीच्या सुया घ्याव्या आणि ३० टांक्यांचा मफलर धरावा. रुंदी सुमारें सहा इंच होते. प्रत्येक ओळ सुलट घालावी, म्हणजे कडा गुंडाळत नाहींत. चार-पांच ओळींनीं टांके मोजीत जावें. तिसांचे तेहतीस भरले, तर कोठें तरी धागा चुकून सुईवर जास्त घेतला गेला आहे असें समजावें, आणि तेवढ्या ओळी उसवून पुन्हा घालाव्या.