आलिशान यॉटचा मालक कोण? झाकलेली मालकी आणि जनतेचा पैसा

फेब्रुवारी २०१८ मध्ये इंडोनेशियाच्या बाली बेटाजवळ पोलिसांनी 'इक्वॅनिमिटी' नावाची एक यॉट ताब्यात घेतली. लांबी ९१ मीटर. वर हेलिपॅड, आत सिनेमागृह, पोहण्याचा तलाव, हम्मामसुद्धा! किंमत सुमारे २५ कोटी डॉलर. मालक कोण, तर कागदावर केमन आयलंड्समधली एक कंपनी. माणसाचे नाव कुठेच नाही.

अमेरिकेच्या न्याय खात्याचे म्हणणे असे की ही यॉट झो लो या मलेशियन व्यावसायिकाची असून ती '१एमडीबी' या मलेशियाच्या सरकारी निधीतून पळवलेल्या पैशातून घेतली. या निधीतून एकूण ४५० कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाहेर गेली, असा आरोप आहे. झो लो हे सगळे नाकारतो. पण मे २०१८ च्या निवडणुकीत मलेशियाच्या जनतेने पंतप्रधान नजीब रझाक यांना घरी बसवले, पुढे कोर्टाने त्यांना याच घोटाळ्यात दोषी ठरवले आणि २०२२ मध्ये ते तुरुंगात गेले. हा मुस्लिमबहुल देशाच्या रयतेचा पैसा होता, बैतुलमालच म्हणा ना.

आता ही लपवाछपवी चालते कशी? यॉट माणसाच्या नावावर घेतच नाहीत. एक कंपनी काढायची, ती केमन किंवा मार्शल आयलंड्ससारख्या ठिकाणी. त्या कंपनीचे शेअर दुसऱ्या कंपनीकडे, तिच्यावर एखादा ट्रस्ट. यॉट चालवणारी मॅनेजमेंट कंपनी वेगळीच. खलाशांकडून आधीच गोपनीयतेचा करार सही करून घेतात. यातले बहुतेक सगळे कायदेशीर आहे, हीच तर खरी अडचण आहे.

रशियन यॉट 'अमाडिया'चे उदाहरण घ्या. मे २०२२ मध्ये ती फिजीत जप्त झाली. अमेरिका म्हणते ती सुलेमान केरिमोव यांची. एडुआर्ड खुदायनातोव म्हणतात माझी. नुसता 'मालक कोण' एवढाच वाद न्यूयॉर्कच्या कोर्टात मार्च २०२५ पर्यंत चालला. तेव्हा कुठे कोर्टाने खुदायनातोव यांना नावापुरते मालक ठरवले. तोवर देखभालीचा कोट्यवधी डॉलरचा खर्च अमेरिकी करदात्यांच्या माथी!

श्रीमंतांची बाजूही ऐकली पाहिजे. अपहरणाची, खंडणीची भीती खोटी नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये युरोपियन युनियनच्या कोर्टाने कंपन्यांच्या खऱ्या मालकांची यादी सर्वांना खुली ठेवणे हा खासगीपणावर घाला आहे असे ठरवले, आणि लक्झेंबर्ग, नेदरलँड्सने आपल्या याद्या लगेच बंद केल्या. पत्रकारांना वाट ठेवली आहे, पण त्यांनी आपला संबंध दाखवायचा.

इस्लामही खासगीपणाला मोठी किंमत देतो. सुरह हुजुरातमध्ये दुसऱ्याची टेहळणी करण्यास साफ मनाई आहे, परवानगीशिवाय कोणाच्या घरात शिरता येत नाही. पण हजरत उमर (रजि.) राज्यपाल नेमताना त्याच्या मालमत्तेची नोंद करून घेत, आणि ती भलतीच वाढलेली दिसली की जाब विचारत. म्हणजे घराच्या चार भिंती वेगळ्या आणि माल आला कुठून हा सवाल वेगळा. यॉटवर कोण जेवायला होते, कोणी काय कपडे घातले, याच्याशी आपल्याला काय करायचे? पण ती कोणाच्या पैशाने घेतली, हे विचारणे म्हणजे टेहळणी नव्हे. युरोपच्या कोर्टाने हा फरक नीट केला नाही, असे माझे मत आहे.

आणि हा खासगीपणा मिळतो तरी कोणाला? आपल्या कोकणातला मच्छीमार बघा. २६/११ नंतर त्याचे बायोमेट्रिक कार्ड झाले, होडीवर मालकाशी जोडलेला नोंदणी क्रमांक मोठ्या अक्षरात रंगवावा लागतो. पाच-सहा जणांच्या होडीचा मालक बंदरावर कोणीही सांगेल.

'इक्वॅनिमिटी'चे पुढे काय झाले? ऑगस्ट २०१८ मध्ये ती मलेशियाच्या हवाली झाली. सांभाळायला दरमहा प्रचंड खर्च, गिऱ्हाईक मिळेना. शेवटी २०१९ मध्ये ती १२.६ कोटी डॉलरला, म्हणजे जवळपास निम्म्या किमतीत विकली. १एमडीबीचे कर्ज मलेशियाच्या सरकारी तिजोरीतून फेडावे लागले. झो लो अजून कोणाच्या हाती लागलेला नाही.