पडद्यावरचा दागिना, ऐरणीवरचे ज्ञान

एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याच्या भावाने एक लाख रुपयांची मर्यादा ओलांडली आणि सराफी धंद्यात कित्येक वर्षे दबत्या पावलांनी येत असलेला एक बदल एकाएकी निकडीचा झाला. दागिना तोच, डौल तोच, परंतु सोने मात्र कमी, अशी गिऱ्हाइकाची मागणी होऊ लागली. जुलै २०२५ मध्ये ९ कॅरटचे दागिनेही हॉलमार्कच्या कक्षेत आले, ते याच ओघात. वजन घटवून डौल राखण्याचे गणित कागदावरच्या रेखाटनाने सुटणे कठीण. संगणकाने ते पुष्कळसे सुटते. साहजिकच दागिन्यांच्या संगणकीय आरेखनाच्या शिक्षणाला महत्त्व आले आहे. या शिक्षणात नेमके काय शिकवले जावे, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. तो विचारण्याची वेळ आली आहे.

संगणकाची करामत थोडक्यात अशी. पडद्यावर दागिन्याची त्रिमिती आकृती उभी केली की तिचे घनफळ कळते. घनफळाला धातूच्या घनतेने गुणले की सोन्याचा कणही न वितळवता दागिन्याचे वजन हाती येते. मग मुद्रणयंत्र त्या आकृतीवरून मेणाचा किंवा राळेचा नमुना थरावर थर चढवून तयार करते. त्याभोवती प्लास्टरसारख्या मिश्रणाचा साचा बसवून तो भट्टीत तापवतात. नमुना जळून जातो आणि राहिलेल्या पोकळीत सोने ओततात. यातील अखेरचा भाग आपल्याला परका नाही. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मूर्ती ओतण्याची हीच रीत वर्णिलेली आहे. ‘मधूच्छिष्ट’ म्हणजे मेण, आणि त्या मेणाच्या नावावरूनच ही रीत ओळखली जाते. म्हणजे ओतकाम जुनेच. मेणाला आकार देणारा हात तेवढा बदलला आहे. परंतु हा ‘तेवढा’ बदल लहान नव्हे.

शासनाने या बदलाची दखल घेतलेली आहे. १९७३ मध्ये इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी अंधेरीत स्थापन झालेले सीप्झ पुढे जडजवाहिराच्या निर्यातीचे मोठे केंद्र बनले. तेथे जानेवारी २०२४ मध्ये ‘भारत रत्नम’ या सामाईक सुविधा केंद्राचे उद्घाटन झाले. धातूचे त्रिमिती मुद्रण करणाऱ्या यंत्रांसह अद्ययावत सामग्री आणि प्रशिक्षणाची सोय तेथे करण्यात आली. लहान कारखानदाराला स्वबळावर न परवडणारी यंत्रे सामाईक व्हावीत, हे धोरण योग्यच आहे. तथापि यंत्र विकत आणता येते; ते कोणासाठी आणि कशासाठी चालवायचे याची दृष्टी विकत मिळत नाही.

योगायोग असा की यंत्र आणि दृष्टी या दोहोंच्या इतिहासात १९८६ हे वर्ष महत्त्वाचे आहे. त्या वर्षी अमेरिकेत चार्ल्स हल यांना प्रकाशाच्या साहाय्याने राळेचे थर घट्ट करून वस्तू घडविण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. आजच्या त्रिमिती मुद्रणाचा आरंभ तेथून मानला जातो. त्याच वर्षी डोनाल्ड नॉर्मन आणि स्टीफन ड्रेपर यांनी संपादित केलेला एक ग्रंथ निघाला. वस्तू वापरणारा माणूस केंद्रस्थानी ठेवून तिची रचना करावी, हा विचार त्याने संगणकाच्या क्षेत्रात रूढ केला. आपण यातील यंत्र मोठ्या हौसेने आणले आणि विचार मात्र बंदरावरच ठेवून आलो. तो सोडवून आणायला दूर जाण्याचेही कारण नाही. सीप्झपासून काही किलोमीटरांवर, पवईच्या आयआयटीत, १९६९ पासून औद्योगिक डिझाइनचे केंद्र आहे. हे अंतर रस्त्यावर थोडे असले तरी धोरणात पुष्कळ आहे.

हा विचार आपल्याला उपरा वाटू नये. १९५८ मध्ये चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला डिझाइनविषयी जो अहवाल सादर केला, त्यात त्यांनी आदर्श म्हणून आपला साधा लोटा निवडला होता. लोटा कोण उचलते, कमरेवर घेते की डोक्यावर, भरलेला असताना त्याचा तोल कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, असे प्रश्न त्यांनी मांडले. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी वापरून वापरून ज्यांची उत्तरे शोधली, ते हे प्रश्न.

आमच्या दागिन्यांतही अशी उत्तरे दडलेली आहेत. तुशीच्या मागचा सरकता दोरा पाहा. एकच तुशी सासूच्या आणि सुनेच्या गळ्याला सारखीच बसते, ती त्या दोऱ्यामुळे. नाक न टोचलेल्या मुलीला नथ घालता यावी म्हणून चापाची नथ निघाली. कानातल्याची फिरकी हे तर रोजच्या वापराचे छोटेसे शास्त्रच आहे. हे बदल ज्यांनी केले त्यांनी वापरणाऱ्याला प्रश्नावली दिली नव्हती. पण गिऱ्हाईक त्यांच्यासमोर बसत होते, तक्रार करीत होते, आणि दुरुस्तीला आलेला दागिना कोठे झिजला, कोठे तुटला हे सांगत होता. सोनाराचे दुकान ही एका अर्थी प्रयोगशाळाच होती.

आज ही प्रयोगशाळा मोडत आहे. आरेखन करणारा तरुण वातानुकूलित खोलीत पडद्यासमोर बसतो. घासणारा, डाक लावणारा, कोंदण करणारा कारागीर दुसरीकडे. आणि दागिना घालणारी स्त्री या दोघांनाही दिसत नाही. पडद्यावरच्या दागिन्याला वजन नसते, त्याला घामही लागत नाही. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर चेहऱ्यावर हार चढवून दाखवणारी सोय आता आली आहे. हार दिसतो कसा हे ती सांगते. तो मानेला टोचतो का, पदरात अडकतो का, हे ती सांगत नाही. ओतलेले सोने थंड होताना आकसते, कानस फिरल्यावर आणखी थोडे कमी होते; म्हणून अंगठीच्या आकृतीत आधीच किती वाव ठेवावा हे जुन्या ओतकऱ्याला अनुभवाने ठाऊक असते. त्याला विचारणारे कोणी नसले की माल बिघडतो आणि ठपका त्याच्यावर येतो.

यावर कोणी म्हणेल, निर्यातीच्या स्पर्धेत एवढी चौकशी करण्यास सवड कोणाला आहे? ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा या धंद्यातील कारखान्यांपुढे उद्याच्या कामाचा प्रश्न उभा राहिला होता. ही अडचण खोटी नाही. परंतु तिचा धडा उलट आहे. केवळ स्वस्त मजुरीवर उभा असलेला धंदा परक्या राजधानीतील एका आदेशाने डळमळतो. दुसरे कोणी सहज देऊ शकणार नाही अशी वस्तू ज्याच्याकडे आहे, त्याला तग धरण्यास थोडी अधिक जागा मिळते. आणि अशी वस्तू वापरणाऱ्याला जवळून ओळखल्याखेरीज घडत नाही.

ही ओळख किती खोल जाऊ शकते याचे एक उदाहरण ब्रिटनमध्ये मिळते. दागिन्यात इलेक्ट्रॉनिक भाग बसवले की आपल्याला पावले आणि नाडीचे ठोके मोजणाऱ्या अंगठ्या आठवतात. जेन वॉलेस या संशोधक कारागिरांनी निराळा मार्ग धरला. स्मृतिभ्रंश झालेली एक स्त्री आणि तिचा पती यांच्यासमवेत दीर्घकाळ काम करून त्यांनी त्या स्त्रीच्या आयुष्यातील छायाचित्रे दाखवणारे एक लॉकेट घडवले. २०१३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्या लॉकेटमधील तंत्र फार अवघड नव्हते. अवघड होते ते ऐकून घेणे.

मग करावे काय? पहिली गोष्ट म्हणजे आरेखनाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला काही महिने ऐरणीपाशी बसवावे आणि त्याने आखलेला दागिना कोणी तरी आठवडाभर घालून पाहिल्याशिवाय त्याला गुण देऊ नयेत. लोकलच्या गर्दीतून जाणारी नोकरदार स्त्री, बोटे आखडलेली वृद्धा, शेतात वाकणारी मजूरबाई यांची मते ही त्याची परीक्षा असावी. दुसरी गोष्ट, हे शिक्षण मुंबईतच कोंडून ठेवू नये. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीसारख्या गावात चांदीचे काम घराघरांत चालते. तेथील मुलाला मराठीतून ही विद्या मिळाली, तर वडिलांच्या हातचे कसब आणि पडद्यावरची आकृती एकाच घरात नांदतील. तिसरी गोष्ट मालकीची. २००० च्या डिझाइन कायद्यानुसार नोंदलेल्या नव्या आरेखनाला प्रथम दहा व वाढवून आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. संगणकातील आकृतीची नक्कल क्षणात होते, म्हणून छोट्या कारागिराला या नोंदणीची वाट दाखवणारी सोय सामाईक यंत्राइतकीच आवश्यक आहे. कारागिराच्या सूचनेवरून आरेखन सुधारले, तर त्यावर त्याचेही नाव असावे.

संगणक येऊ नये असे म्हणण्यात अर्थ नाही. तो आलेला आहे आणि वाढत्या भावाच्या दिवसांत तो गरजेचाही आहे. प्रश्न एवढाच की तो सोनाराच्या हाती द्यायचा, की सोनाराला बाजूला सारून त्याच्या जागी बसवायचा. पहिला मार्ग पत्करला तर तुशीच्या दोऱ्यासारखी नवी उत्तरे याही पिढीला सापडतील. दुसरा पत्करला तर दागिने हलके होतील, झटपट होतील आणि मुबलकही होतील. मात्र ते तुटून परत आले की का तुटले हे सांगणारा माणूस दुकानात उरलेला नसेल.