आधी तास सांगा, मग फी मागा
परदेशी भाषांच्या ऑनलाईन विद्यार्थ्यांचे मागणीपत्र

प्रति,
परदेशी भाषांचे ऑनलाईन वर्ग चालवणाऱ्या संस्था व कंपन्या;
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग, महाराष्ट्र शासन;
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग, महाराष्ट्र शासन.

महोदय / महोदया,

जर्मन, जपानी आणि फ्रेंच या भाषा मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या पडद्यावर शिकलेली, शिकत असलेली आणि मधेच सोडून दिलेली माणसे आमच्या संघटनेत आहेत. जर्मनीत नोकरी करू पाहणाऱ्या जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुली आहेत, जपानीच्या एन३ पातळीच्या मागे लागलेले इंजिनीअर आहेत, लग्नानंतर जर्मनीला जायचे म्हणून जर्मनची ए१ ही पहिल्या पातळीची परीक्षा द्यावी लागलेल्या बायका आहेत. निवृत्तीनंतर हौसेने फ्रेंच घेतलेले दोघे-तिघेही आहेत. त्यांची तक्रार सर्वांत कमी आहे, कारण त्यांच्या डोक्यावर व्हिसाची तारीख नाही.

ऑनलाईन शिकण्यावर आमचा राग नाही. लातूरला किंवा सावंतवाडीला घरी बसून जपानी शिकता येते, ही सोय आधी नव्हती. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या किंवा मॅक्स म्युलर भवनाच्या वर्गाला यायचे, तर आधी कॉट बेसिसवर जागा शोधावी लागे. तेव्हा ऑनलाईन वर्ग बंद करा असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की, भाषेच्या वर्गात पैसे मोजून घेण्यासारखी गोष्ट मुख्यतः एकच असते: शिक्षकासमोर तोंड उघडून चुकायला मिळणारा वेळ. व्याकरण पुस्तकात असते, शब्द ॲपवर फुकट मिळतात. तो वेळ किती मिळणार, हे मात्र फी घेण्याआधी कोणी सांगत नाही. पुढच्या जवळजवळ सगळ्या मागण्या यातूनच निघतात.

तासांबद्दल

'तीन महिन्यांत बी१' ही जाहिरात आमच्यातल्या बहुतेकांनी पाहिली आहे आणि अनेकांनी तिच्यावर विश्वास ठेवला आहे. मॅक्स म्युलर भवन चालवणाऱ्या गटे इन्स्टिट्यूटच्याच सांगण्याप्रमाणे बी१ पर्यंत पोहोचायला ४५ मिनिटांच्या साधारण ३५० ते ६५० तासिका लागतात. तीन महिन्यांचे ९० दिवस धरले, तर कमीत कमी आकड्यालाही एकही सुट्टी न घेता रोज जवळजवळ तीन तास शिकवणी हवी. प्रत्यक्षात आठवड्यातून पाच दिवस रोज एक तास वर्ग होतो. तेरा आठवड्यांचे ६५ तास झाले, म्हणजे सुमारे ८७ तासिका. त्या इन्स्टिट्यूटच्या हिशेबात एवढ्यात जेमतेम ए१ होते. उरलेले कुठून येणार असे विचारले की 'सेल्फ स्टडी' हे उत्तर मिळते. सेल्फ स्टडीच करायचा, तर फी कशाची?

म्हणून आमची पहिली मागणी: प्रत्येक वर्गाने प्रवेशाआधी एक पानाचे तासपत्रक द्यावे. त्यात थेट शिकवणीच्या तासिका किती, आधी रेकॉर्ड केलेले व्हिडिओ किती, तुकडीत जास्तीत जास्त विद्यार्थी किती आणि लेखी काम कोण तपासणार, हे लिहिलेले असावे. 'तीन महिन्यांत' किंवा 'सहा महिन्यांत' असे शब्द त्या पत्रकाशिवाय जाहिरातीत येऊ नयेत.

तुकडीच्या आकड्याबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. चाळीस जण, सगळ्यांचे कॅमेरे बंद, सगळे म्यूटवर. शिक्षक विचारतात, 'समजलं का? चॅटमध्ये यस टाका.' चाळीस यस येतात आणि वर्ग पुढे सरकतो. एका तासातली वीस मिनिटे शिक्षकांनी शिकवण्यात घालवली, तर उरलेल्या चाळीस मिनिटांत एकेकाच्या वाट्याला एक मिनिट येते, तेही माइक लगेच चालू झाला तर. आमच्यातल्या एका नर्सने ए२ पर्यंतचे वर्ग असेच पूर्ण केले. तिथल्या ऑनलाईन चाचण्यांत तिला नेहमी नव्वदच्या वर गुण होते. पुढे ती बी१ च्या परीक्षेला बसली. त्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार वेगळे भाग असतात आणि प्रत्येकात शंभरपैकी साठ गुण मिळवावे लागतात. संभाषणाच्या भागात समोर जोडीदार बसलेला असतो, त्याच्याशी बोलून एखादा बेत ठरवायचा असतो. जोडीदाराशी जर्मन बोलण्याची ती तिची पहिलीच वेळ होती. तो भाग राहिला. भाग स्वतंत्रपणे देता येतात, म्हणून तेवढाच पुन्हा द्यायचा होता. पण परीक्षेची फी, पुण्याचा प्रवास आणि रात्रपाळीतून मिळवलेली रजा हे सगळे दुसऱ्यांदा आलेच.

संभाषणाच्या तासिकेला बारापेक्षा जास्त विद्यार्थी नसावेत. व्याख्यानाला शंभर बसवा, आमची हरकत नाही. फक्त त्याला व्याख्यान म्हणा आणि फी त्या हिशेबाने घ्या.

जपानीच्या विद्यार्थ्यांचे वेगळे दुखणे

जेएलपीटी या परीक्षेत एन५ पासून एन१ पर्यंत कुठेच बोलण्याची किंवा लिहिण्याची चाचणी नाही; सगळे प्रश्न पर्याय निवडण्याचे. त्यामुळे वर्गांना फार सोपे जाते. पर्याय ओळखायला शिकवायचे, निकाल लावायचा आणि फोटो छापायचे. एन३ उत्तीर्ण झालेला मुलगा कंपनीच्या मुलाखतीत स्वतःची ओळख करून देऊन थांबतो आणि दोष त्याच्या 'कॉन्फिडन्स'ला दिला जातो. परीक्षा काय तपासते आणि काय तपासत नाही, हे विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगावे. परीक्षा वर्षातून दोनदाच होते, जुलै आणि डिसेंबरमध्ये. अभ्यासक्रम तीन आठवडे लांबला तर आमचे तीन आठवडे जात नाहीत, सहा महिने जातात. शिक्षक मधेच बदलल्यामुळे वर्ग लांबला आणि परीक्षा हुकली, तर पुढच्या परीक्षेपर्यंतचा सराव वर्गाने विनामूल्य द्यावा.

मराठीतून शिकवा

ही मागणी वाचून काही संचालक हसतील, म्हणून कारण सविस्तर देतो. आमच्यातले पुष्कळ जण मराठी किंवा सेमी-इंग्रजी शाळेतून आलेले आहेत आणि वर्गात परदेशी भाषा इंग्रजीतून समजावली जाते. म्हणजे एका डोंगरावर चढण्यासाठी आधी दुसरा चढायचा. गंमत अशी की, जर्मन आणि जपानी या दोन्ही भाषांकडे जाणारी वाट मराठीतून जवळची आहे. जर्मन नामांना तीन लिंगे असतात. इंग्रजीवाल्याला त्याचे नवल वाटते, आम्हाला वाटायचे कारण नाही. टेबल नपुंसकलिंगी आणि खुर्ची स्त्रीलिंगी का, हे आम्ही मराठीतही कधी कोणाला विचारले नाही. जर्मन गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाते आणि जपानीत ते नेहमीच शेवटी असते. मराठी माणूस दिवसभर तसेच बोलतो. जपानीतले 'ओ', 'नी', 'दे' हे शब्दाच्या मागे लागतात, आपल्या विभक्तिप्रत्ययांसारखे. उच्चाराचेही तसेच. 'चमचा'तला च ज्याला म्हणता येतो, त्याला जर्मन झेडचा त्स आणि त्सुनामीतला त्सु वेगळा घोकावा लागत नाही. शिक्षकाने ही एक ओळ सांगितली असती, तर आमच्यातल्या कित्येकांचे सुरुवातीचे आठवडे वाचले असते.

सुरुवातीच्या दोन पातळ्यांवर मराठीतून समजावणाऱ्या तुकड्या हव्यात आणि व्याकरणाची मराठी टिपणे हवीत. पुढे शिक्षकांनी जर्मनमधून जर्मन शिकवावे. ते आम्हाला हवेच आहे.

शिक्षकांबद्दल

हे आमचे भांडण नाही, पण ते आमच्यापर्यंत येते. अनेक शिक्षकांना तासावर पैसे मिळतात आणि निबंध तपासण्याचे काहीच मिळत नाही, असे त्यांनीच आम्हाला सांगितले आहे. मग लेखी काम ॲप तपासते, हिरवी खूण देते आणि तीच चूक परीक्षेच्या कागदावर उतरते. तपासणीच्या वेळेचा मोबदला शिक्षकांना द्यावा. फी थोडी वाढली तर आम्ही ती भरू.

पैसे, कर्ज आणि सोडून जाण्याचा हक्क

फोनवरचे 'काउन्सेलर' गोड बोलतात. 'आजच ऑफर संपते, तीनच जागा राहिल्यात' हे वाक्य पुढच्या महिन्यातही तसेच ऐकू येते. खोटी घाई निर्माण करणे हे केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहे. नोकरीची शंभर टक्के हमी देणाऱ्या जाहिरातींना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रासाठी मनाई केली आहे. त्यावर काही वर्गचालक म्हणतात, 'आम्ही कोचिंग नाही, एडटेक आहोत.' परदेशी भाषांचे वर्ग या तत्त्वांच्या कक्षेत येतात, असे राज्य शासनाने परिपत्रक काढून स्पष्ट करावे.

'झीरो कॉस्ट ईएमआय' म्हणजे वर्गाने दिलेली सवलत, अशी आमच्यातल्या अनेकांची समजूत होती. ते कर्ज असते आणि देणारी वित्त कंपनी निराळी असते. फोनवर ओटीपी सांगितला की कर्ज उभे राहते. दुसऱ्या महिन्यात वर्ग सोडला तरी हप्ते चालूच राहतात, आणि थकले की सिबिल स्कोअर घसरतो. पुढे जर्मनीच्या खर्चासाठी बँकेत शैक्षणिक कर्ज मागायला जावे, तर तिथे हाच हप्ता आडवा येतो. डिजिटल कर्जासाठी ठळक बाबींचे विवरणपत्र आणि कर्ज परत करून मोकळे होण्याची मुदत रिझर्व्ह बँकेने सक्तीची केली आहे. ते विवरणपत्र आम्हाला मराठीत आणि ओटीपी मागण्याआधी मिळावे. पहिल्या दहा तासिकांत वर्ग सोडला, तर कर्ज रद्द करून घेण्याची जबाबदारी वर्गाची असावी. त्यानंतर सोडल्यास उरलेल्या तासिकांची फी दहा दिवसांत परत मिळावी. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या कोचिंगविषयक सूचनांत हीच मुदत आणि हाच हिशेब आहे, त्यामुळे आम्ही नवे काही मागत नाही.

शासनाकडे

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आणि दहा हजार तरुणांना पाठवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. कराराचे आम्हाला कौतुक आहे. पण त्या बातमीच्या कात्रणाखाली स्वतःचा फोन नंबर टाकून 'सरकारी योजनेशी संलग्न' असा भास निर्माण करणाऱ्या जाहिरातीही आमच्या मोबाइलवर आल्या. कोणते वर्ग शासनाशी खरोखर जोडलेले आहेत, त्यांची यादी कौशल्य विभागाने संकेतस्थळावर मराठीत ठेवावी आणि ती अद्ययावत करावी. वर्गाचे स्वतःचे प्रमाणपत्र आणि व्हिसासाठी चालणारे परीक्षेचे प्रमाणपत्र यांतला फरक त्याच पानावर ठळक अक्षरांत असावा. खेड्यातल्या आईवडिलांना तो कोणीही सांगत नाही, आणि शेत गहाण पडते ते त्यांचे.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत ज्या संस्था तासपत्रक प्रसिद्ध करतील, त्यांची नावे आम्ही आमच्या सर्व सदस्यांना आणि नर्सिंग महाविद्यालयांना कळवू. ज्या करणार नाहीत त्यांच्याविषयीच्या तक्रारी आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवल्या जातील आणि तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातील. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय बंगळुरूला असो की गुरुग्रामला, सुनावणीची तारीख लातूरची किंवा जळगावची पडेल.

आपले,
परदेशी भाषांचे ऑनलाईन विद्यार्थी
(संघटनेच्या सर्वसाधारण सभेने संमत केल्यानुसार)