रोग दोघांचा, दंड एकीला!
१८६८ च्या कायद्याने इंग्रज सरकार गोऱ्या शिपायांच्या आरोग्यासाठी वेश्यांची सक्तीने तपासणी करी; शिपाई मात्र मोकळा! आज काय निराळे आहे? १९५६ च्या कायद्याने कुंटणखाना चालविणे गुन्हा आहे, देहविक्रय नव्हे. तरी छाप्यात धरली जाते ती बाईच. स्वखुषीच्या सज्ञान बाईस धरू नये, ही समितीची शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या १९ मे २०२२ च्या आदेशात नोंदली आहे. तिच्या कमाईत घरवाली, दलाल, सावकार वाटेकरी. कर्जापायी निरोध नाकारणारे गिऱ्हाईकही तिला परतविता येत नाही. रोग शिरतो तो येथेच. बंधूंनो, ती पुष्कळदा दुष्काळाने व कर्जाने मोडलेल्या आपल्याच घरची लेक असते. तिला नावे ठेवण्यापूर्वी गावात काम व शहरात विनाजाच दवाखाना मिळालाच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.